तिच्या तोंडी त्याचा आवाज

एकदा पैसे मोजून विकत घेतलेली वस्तू दुसऱ्याच्याच मुठीत राहते, हे मेकॅनिकला कधी पटलंच नाही. पटणार तरी कसं? उभी हयात त्याने झेरॉक्सची मशिनं दुरुस्त करण्यात घालवली. मशीन विकलं की ते ज्याचं त्याचं. बिघडलं तर मेकॅनिकला बोलवा, मजुरी त्याच्या हातावर ठेवा, संपला विषय! पण हल्ली कंपन्यांनी नवीनच खूळ काढलंय. मशीन तुमचं, शाई तुमची, कागद तुमचा, आणि तरी महिन्याचे पैसे भरले नाहीत तर मशीन ढिम्म हलत नाही. अशा धडधाकट मशीनसमोर तो मांडी ठोकून बसायचा, मागचं झाकण उघडायचा, रोलर पुसायचा, आणि शेवटी ऑफिसातल्या लोकांना सांगायचा, "याला काहीएक झालेलं नाही. हे रुसलंय." लोक हसायचे. हा मात्र मनापासून चिडलेला असायचा.

चिडायचा तसाच बोलायचाही भरपूर. हातात पाना असो नसो, तोंडाचा पट्टा चालू. घरी आला की दिवसभरातल्या सगळ्या मशिनांची आणि साहेबांची हजेरी व्हायची, आणि बायको ऐकायची. कुणी पाहुण्याने तिला विचारलं, "चहा घेणार ना वहिनी?" तर हा म्हणायचा, "घेईल, पण बिनसाखरेचा." कुणी विचारलं, "गुडघा कसा आहे?" तर हा म्हणायचा, "जिना चढताना त्रास होतो तिला." ती वाक्याचं एक टोक धरायची, की दुसरं टोक हा ओढून पुढे पळालेला. यात वाईट हेतू होता का? मुळीच नाही. उलट त्याला त्याचा अभिमान होता. "हिच्या मनातलं मला न सांगता कळतं," असं तो चारचौघांत छाती काढून सांगायचा. कळत होतं की नव्हतं, हे तपासून पाहायची वेळ कधी आलीच नव्हती.

ती वेळ एका सकाळी आली. केस विंचरता विंचरता बायकोच्या हातातून कंगवा पडला, आणि तो उचलायला ती वाकली ती तशीच कलंडली. दवाखाना झाला, जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं समजतंय. शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट मोडलीय. वेळ द्या." तोंडातून निघायचं ते एवढंच: कधी "अं", आणि कंटाळा किंवा राग आला की जिभेने केलेलं "च्". ते "च्" मात्र अगदी पहिल्यासारखं, खणखणीत राहिलं होतं.

लेक आली, महिनाभर राहिली, रडली, आणि आपल्या गावी आपल्या संसारात परत गेली. तिलाही घर होतं, नोकरी होती, काय करणार? जाताना म्हणाली, "बाबा, आईशी बोलत राहा हं." हे याला सांगायची गरज होती का?

बोलण्याचे व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनीच एक ॲप सुचवलं. टॅबलेटवर चौकोन, चौकोनात चित्र. पाण्याच्या चित्रावर बोट ठेवलं की ते "पाणी" असं बोलायचं. मेकॅनिकने ते एकरकमी विकत घेतलं. बायको डाव्या हाताने चौकोन दाबायला लागली, घरात पुन्हा दोन बाजूंनी बोलणं सुरू झालं, आणि त्याला वाटलं, चला, निभावलं एकदाचं. मग कंपनीचं पत्र आलं. आता महिन्याचं भाडं. साधं भाडं दिलं तर डब्यात तोंड घालून बोलावं तसला आवाज. माणसासारखा, बाईचा आवाज हवा असेल तर वरची योजना. मेकॅनिकने दात-ओठ खाल्ले आणि भाडं भरलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय!

एकदा त्याचं बँकेचं कार्ड बदललं आणि नवा नंबर ॲपमध्ये घालायचा राहून गेला. बस्स, एवढंच निमित्त. त्या दिवशी तो स्वयंपाकघरात दूध तापवत होता. बाहेरच्या खोलीतून टकटक ऐकू येत होती, पण आवाज काही येत नव्हता, म्हणून त्याला वाटलं, चाळा करतेय काहीतरी. दूध उतरवून बाहेर आला तर बायकोचा लुळा हात खुर्चीच्या दांड्याखाली दुमडून अडकला होता. चेहरा वाकडातिकडा झालेला, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि डाव्या हाताने ती 'दुखतंय' हा चौकोन पुन्हा पुन्हा दाबत होती. त्या चौकोनावर एक छोटं कुलूप आलं होतं. खाली लिहिलं होतं की आपली योजना संपली आहे.

त्याने हात सोडवला, चोळला, पाणी पाजलं. मग त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मदतीच्या नंबरवर फोन लावला तर तिथे एक बाई सुरेल आवाजात सांगत राहिली की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. ती बाईसुद्धा रेकॉर्डच! मेकॅनिक त्या रेकॉर्डवर ओरडला, "माझ्या बायकोच्या तोंडाला कुलूप लावता? तोंड काय भाड्याने देता होय रे?" पलीकडे गाणं लागलं. त्याने फोन आपटला आणि ठरवलं की हे आपणच बनवायचं.

आता तुम्ही म्हणाल, झेरॉक्सचा मेकॅनिक आणि ॲप बनवणार? अहो, बनवायचं होतं काय एवढं? एक पान. पानावर चौकोन. चौकोन दाबला की आवाज. व्हिडिओ बघून, चुकून, शिव्या घालून, पुन्हा बघून तो शिकला. कामावर डबा खाताना शिकला, मशीन गरम व्हायची वाट बघताना शिकला. पहिल्या पानावर काहीही दाबलं तरी 'पाणी'च ऐकू यायचं. पुढच्याला एकही शब्द फुटेना. बायको शेजारी बसून बघायची आणि मधूनच "च्" करायची, की हा म्हणायचा, "होतंय, होतंय! धीर धर की जरा." खरं सांगायचं तर बऱ्याच दिवसांनी त्याला तिची सोबत वाटली ती तेव्हा.

चित्रं त्याने विकतची घेतली नाहीत. घरातल्याच वस्तूंचे फोटो काढले. तिचाच पेला, तिचंच पांघरूण, न्हाणीघराचं दार, पलंगाशेजारचा पंखा. राहिला आवाज. लेकीला फोन केला, "तुझ्या आवाजात एवढे शब्द बोलून पाठव." ती म्हणाली, "पाठवते बाबा, रविवारी नक्की." दोन-तीन रविवार आले आणि गेले. तेव्हा यानेच खिडक्या लावून घेतल्या, फोन तोंडाशी धरला आणि सगळे शब्द बोलून टाकले. पाणी. भूक लागली. दुखतंय. हो. नको. तात्पुरतं म्हणून. आणि तात्पुरतं म्हणून जे घरात येतं ते कधी घराबाहेर गेलंय का?

पान चाललं. झकास चाललं! व्यायामवाल्या बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "माझ्याकडे असे आणखी पेशंट आहेत, त्यांना देऊ?" मेकॅनिक म्हणाला, "द्या की." मग त्याने पानात एक सोय केली. कोणत्याही चौकोनावर बोट दाबून धरलं की तो लाल व्हायचा. त्यात आपल्याला हवं ते बोलायचं, बोट उचलायचं, की जुना आवाज जाऊन नवा बसायचा. खातं नाही, पासवर्ड नाही, भाडं नाही. ज्याने त्याने आपल्या घरचा आवाज घालावा. बघता बघता कुठल्या कुठल्या गावांतून लोकांचे निरोप यायला लागले. कुणी आशीर्वाद द्यायचं, कुणी चौकोन मोठे करा म्हणायचं. एका शहाण्याने लिहिलं, "काका, महिन्याला थोडं थोडं घ्या, चांगला धंदा होईल." त्याला मेकॅनिकने उत्तर पाठवलं, "आधी तुमच्या तोंडाला मीटर लावून बघतो, मग कळवतो."

ऑफिसांतून त्याचं नाव झालं. साहेब लोक कॉफी विचारायला लागले. पण संध्याकाळी जिना चढून वर आला, दार उघडलं, की तो उंबऱ्यातच रेंगाळायचा. कारण घरात कोण बोलायचं? तोच. "चहा ठेवू का गं?" असं त्याने विचारायचं, आणि खुर्चीवरून त्याच्याच आवाजात उत्तर यायचं, "हो." "पंखा लावू?" "नको." बरं, आवाज त्या दिवशीचा, खिडक्या लावून घाईघाईत भरलेला, जरासा वैतागलेला. त्याचं त्यालाच ऐकायला यायचं की आपण बायकोला असं बोलतो. कधी कधी तो दिवसभरात घडलेलं सांगायला लागायचा, अमुक साहेब असं म्हणाला, तमुक मशीनमध्ये असा कागद अडकला होता, आणि सांगता सांगता मध्येच थांबायचा. ती बघत असायची. तिला काय वाटतंय? पूर्वी हे त्याला न विचारता कळायचं. आता विचारलं तरी कळत नव्हतं, कारण विचारलं की पुन्हा तोच बोलणार. बायको समोर बसलेली असून तो घरात एकटा होता. आपल्याच भुताबरोबर संसार करावा तसा. त्याला पैसा नको होता, नाव नको होतं. तिने आपल्याशी एकदा तरी बोलावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते काही केल्या होत नव्हतं.

आजारी पडायच्या आधी बायको बस डेपोत चौकशीच्या खिडकीवर बसायची. शेजारच्या खिडकीवरची तिची मैत्रीण एका सुट्टीच्या दिवशी भेटायला आली. आल्या आल्या तिने बायकोचा डावा हात हातात घेतला आणि रडायच्या ऐवजी बोलायलाच लागली. डेपोत कोण निवृत्त झालं, कुणाचं कुणाशी जमलं. बायकोचे डोळे चमकत होते. मेकॅनिकने कौतुकाने टॅबलेट पुढे केला. "बघा, आमच्या घरचं ॲप. दाब गं काहीतरी."

बायकोने 'चहा' दाबलं. खोलीत मेकॅनिकचा आवाज घुमला, "चहा हवा."

मैत्रीण आधी दचकली आणि मग खो-खो हसत सुटली. "अहो भाऊजी, हा तर तुमचा आवाज! म्हणजे हिच्या वतीने अजून तुम्हीच बोलताय की!" हसता हसता तिच्या तोंडून निघून गेलं, "ही डेपोत म्हणायची ना, आमच्या घरी एक रेडिओ आहे, बंद करायचं बटणच नाही त्याला. आणि हुबेहूब नक्कल करून दाखवायची तुमची! आम्ही हसून हसून लोळायचो. काय बोलायची हो ही! प्रवासी तिकीट काढायचं सोडून हिचं ऐकत उभे राहायचे."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. मेकॅनिक हसला. हसणं भागच होतं. पण डोक्यात तेच घोळत राहिलं. काय बोलायची हो ही! कधी? कुठे? इतकी वर्षं एका छपराखाली काढली, आणि माणसांना खिळवून ठेवणारी ही बाई त्याने एकदाही पाहिली नव्हती. ती खिडकीवर बसायची, संध्याकाळी खिडकी बंद करून घरी यायची, आणि घरी याचा रेडिओ चालू झालेला असायचा. तिने केलेली आपली नक्कल सगळ्या डेपोने बघितली, एकट्या आपण नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं. रागही आला. तिचा आला की स्वतःचा, हे काही त्याला ठरवता येईना.

जरा वेळाने तो मैत्रिणीला म्हणाला, "तुम्ही भरता का हे शब्द? बाईचा आवाज असला म्हणजे बरं." ती लगेच तयार झाली, "भरते की, त्यात काय!" तेव्हा बायकोने डावा हात चौकोनावर ठेवला. "नको," मेकॅनिकचा आवाज म्हणाला. मैत्रिणीने समजूत घातली, "अगं, मी तुझ्यासारखंच बोलेन." पुन्हा "नको". तिसऱ्यांदाही "नको". आपल्याच आवाजातला तो नकार मेकॅनिकच्या कानाला लागला. त्याच्या तोंडावर आलं होतं, "हिला ना, नवीन काही आवडत नाही लवकर." पण त्या दिवशी त्याने ते गिळलं. मैत्रीण चहा पिऊन गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पान बिघडलं. तो कामावरून आला, बूट काढता काढता विचारलं, "पाणी आणू?" आणि बायकोने चौकोन दाबला. आवाज नाही. पुन्हा दाबला, आवाज नाही. 'हो' मुका, 'नको' मुका, 'भूक' मुका. मेकॅनिकच्या जिवाचं पाणी झालं. इतक्या लोकांची घरं या पानावर चाललीत आणि आपल्याच घरी बोंब! "थांब हं, बघतो, लगेच बघतो," म्हणत तो टॅबलेट घेऊन स्वयंपाकघरात बसला. बायको खुर्चीतून "च्" म्हणाली, पण त्याचं लक्ष कुठे होतं?

दुसऱ्यांच्या घरी सगळं ठीक चाललं होतं. पान ठीक, आवाजाचं बटण ठीक. नीट पाहिल्यावर एक विचित्र गोष्ट दिसली. त्याने भरलेले शब्द एवढेएवढेसे होते, बोलले आणि संपले. आता मात्र प्रत्येक चौकोनातलं रेकॉर्डिंग लांबच लांब होतं. रिकामं असेल तर एवढं लांब का? त्याने आवाज पूर्ण वाढवला, कानात इअरफोन घातले आणि 'पाणी' दाबलं.

पंख्याची घरघर. खालच्या रस्त्यावरून गेलेली गाडी. खुर्चीची कुरकुर. आणि अगदी जवळ, कानापाशी, कुणीतरी श्वास घेत होतं. ओठ मिटून उघडल्याचा आवाज आला. "प्..." मग बराच वेळ काही नाही. पुन्हा श्वास. "प्... प्..." मग ठसठशीत, रागावलेलं "च्!" आणि रेकॉर्डिंग संपलं.

मेकॅनिकने 'भूक' दाबलं. तेच. श्वास, ओठ, "भ्", आणि मग नुसतं दमलेलं हुंकारणं. 'दुखतंय' मध्ये तर काहीच नव्हतं, फक्त मधेच एक हुंदका गिळल्यासारखा. त्याने एकेक चौकोन उघडला. सगळीकडे ती होती. तो कामावर गेला की घर रिकामं व्हायचं. त्या दिवशी त्या शांततेत ती डाव्या हाताचं बोट दाबून धरून एकेका शब्दाशी झटत बसली होती. बोट दाबून धरलं की आवाज भरतो, हे तिला त्याने कधी शिकवलंही नव्हतं. शेजारी बसून बघून शिकली होती ती. आणि पहिला प्रयत्न फसला म्हणून ती थांबली नव्हती. त्याचा शब्द पुसून स्वतःचं न जमलेलं तिने तसंच ठेवलं होतं. 'चहा' मध्ये मात्र, खूप वेळाने, एक अर्धा तुकडा सापडला. "चा." घोगरा, जड, आणि तिचा.

कितीतरी महिन्यांनी बायकोच्या आवाजातला शब्द त्याच्या कानावर पडला होता. तो ओट्याला टेकून रडला. रडता रडता त्याच्या लक्षात आलं, की प्रत्येक "प्" नंतर आपण तोंडातल्या तोंडात "पाणी" म्हणतोय, प्रत्येक "भ्" नंतर "भूक". ती धडपडायची, आणि हा सवयीने तिच्या पुढे पळायचा. रेकॉर्डिंगशीसुद्धा!

तोंड धुऊन तो बाहेर आला. टॅबलेट तिच्या मांडीवर ठेवला. किती तरी बोलायचं होतं त्याला, पण तो फक्त एवढंच म्हणाला, "ऐकलं मी."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग बोट 'पाणी' वर नेलं आणि दाबून धरलं. चौकोन लाल झाला. "प्..." ती म्हणाली. तिची मान ताठ झाली, कपाळावरची शीर फुगली. शब्द त्याच्या ओठांवर येऊन ठेपला, अगदी तयार, अख्खा. त्याने आपले ओठ दातांखाली धरले. ती पुन्हा "प्..." म्हणाली आणि थांबली. बोट तिने उचललं नाही, आणि तो जागचा हलला नाही. पंखा फिरत राहिला. आपला श्वासही त्यात येऊ नये म्हणून मेकॅनिकने तोंडावर हात धरला, आणि तिच्या शब्दाची वाट बघत तो गप्प बसून राहिला.